पाहुण्याचें मौन

जेरल्ड ब्रेननचा ‘साउथ फ्रॉम ग्रॅनडा’ (१९५७) हा ग्रंथ प्रवासवर्णनांत मोडत असला तरी त्याचा कर्ता नुसता प्रवासी नव्हे. १९२० सालीं हा तरुण इंग्रज स्पेनच्या दक्षिणेस, आल्पुहाराच्या डोंगराळ खोऱ्यांतील येहेन गांवीं पुस्तकांच्या पेट्यांसह बिऱ्हाड करून राहिला, व अधूनमधून कित्येक वर्षें तेथें नांदला. धाब्याचीं घरें, मूर लोकांच्या काळापासूनचे पाण्याचे पाट, सण, लग्नें, समजुती हें सर्व त्यानें ममतेनें व डोळसपणें टिपलें आहे. उभ्या उभ्या गांव पाहून जाणाऱ्यास हें साधत नाहीं.

परंतु ह्याच गांवांतील एका मुलीपासून १९३१ सालीं त्यास कन्या झाली व पुढें ती त्यानें आपल्याकडे नेली, ह्याविषयीं ग्रंथांत अक्षरही नाहीं. शेजाऱ्यांचीं प्रेमप्रकरणें तो खुशाल सांगतो. स्वतःची वेळ येतांच लेखणी थबकते. लेखकानें सर्वच सांगावें असा आमचा आग्रह नाहीं. तथापि ज्या गांवानें त्यास आपला म्हटलें, तेथील मायलेकींची ताटातूट वगळल्यामुळें हें सुंदर चित्र अपुरें राहिलें आहे, असें खेदानें म्हणावें लागतें.