पुरावा, श्रद्धा आणि वाचक : चार ग्रंथांच्या निमित्ताने

प्रास्ताविक

महाविद्यालयीन ग्रंथालयात दशांश वर्गीकरणानुसार धर्मविषयक ग्रंथ २०० च्या, विज्ञानविषयक ५०० च्या आणि इतिहासविषयक ९०० च्या वर्गात ठेवले जातात. ग्रंथ शोधण्यासाठी ही सोय उत्तम आहे. परंतु या सोयीतून कळत-नकळत एक समजूत रुजते. इतिहासाला साधने लागतात, विज्ञानाला प्रयोग लागतो आणि धर्माला केवळ श्रद्धा पुरेशी असते, अशी ती समजूत होय. प्रस्तुत लेखात धर्मानंद कोसंबी यांचा ‘भगवान बुद्ध’, दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’, रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ आणि जयंत नारळीकर यांचा ‘आकाशाशी जडले नाते’ या चार ग्रंथांचा एकत्रित विचार केला आहे. वरवर पाहता ही निवड विस्कळीत वाटेल. तथापि लेखक आपले विधान पुराव्याशी कसे बांधतो आणि पुरावा अपुरा पडतो तेथे काय करतो, हा एकच प्रश्न या चारही ग्रंथांना विचारता येतो. त्याचे उत्तर शोधणे हाच या लेखाचा हेतू आहे.

‘भगवान बुद्ध’ : चरित्र आणि चिकित्सा

धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) हे गोव्यातील सांखवाळचे. पाली वाङ्मयाच्या ओढीने ते घराबाहेर पडले, श्रीलंकेत त्यांनी प्रव्रज्या घेतली आणि पुढे हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचे काम केले. बुद्धाविषयी नितांत आदर बाळगणाऱ्या या पंडिताने बुद्धचरित्रातील सर्वांत लोकप्रिय प्रसंग मात्र नाकारला. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांच्या दर्शनाने सिद्धार्थाला वैराग्य आले, ही कथा मुळात ‘महापदानसुत्ता’तील विपस्सी बुद्धाची असून ती पुढे गौतमाला चिकटवली गेली, असे त्यांनी दाखवले. मध्यरात्री गुपचूप गृहत्याग केल्याची कथाही त्यांना मान्य नाही; कारण आईवडील रडत असताना आपण प्रव्रज्या घेतली, असे ‘अरियपरियेसनसुत्ता’त खुद्द बुद्धाच्या तोंडी आले आहे.

या खंडनाइतके त्यांचे मंडन मात्र भक्कम नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचे तंटे आणि त्यातून आलेला शस्त्रांचा उबग हे गृहत्यागाचे कारण असावे, असे कोसंबी सुचवतात. त्यासाठी ते ‘सुत्तनिपाता’तील ‘अत्तदण्डसुत्ता’चा आधार घेतात. या सुत्तात शस्त्रधारणातून भय उत्पन्न होते हा भाव आहे. रोहिणी नदीचा उल्लेख नाही. रोहिणीच्या भांडणाची प्रसिद्ध कथा जातकाच्या अट्ठकथेतली आहे आणि तेथे बुद्धत्व प्राप्त झालेला गौतम ते भांडण मिटवताना दिसतो. म्हणजे एका ठिकाणी उत्तरकालीन साहित्य त्याज्य ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी तेच, कालक्रम बदलून, उपयोगी पडते. डॉ. आंबेडकरांच्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथातही रोहिणीचा तंटा हेच गृहत्यागाचे कारण म्हणून आल्यामुळे ही उपपत्ती आज मराठी वाचकाला जवळजवळ ऐतिहासिक वस्तुस्थिती वाटते. कोसंबींच्या ग्रंथात ती तर्काच्या पायरीवर आहे, हे अध्यापकाने सांगितले पाहिजे. हे सांगता येते याचे श्रेयही कोसंबींनाच द्यावे लागेल. कारण मूळ सुत्ते समोर ठेवून त्यांनी आपल्या मताची परीक्षा करण्याचे साधन वाचकाच्या हाती दिले आहे.

‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ : पायाखालचा इतिहास

धर्मानंदांचे पुत्र दा. ध. कोसंबी (१९०७–१९६६) हे व्यवसायाने गणितज्ञ. वापरातील नाणे झिजते, त्यामुळे जास्त काळ चलनात राहिलेल्या नाण्यांचे सरासरी वजन कमी भरते, या साध्या तत्त्वावर त्यांनी आहत नाण्यांचा संख्याशास्त्रीय अभ्यास केला. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) या इंग्रजी निबंधसंग्रहात हीच मोजमापाची शिस्त त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातील ग्रामदैवतांकडे वळवली. शेंदूर लावलेले तांदळे, मातृदेवतांची ठाणी, जुन्या वाटा आणि त्यांच्या आसपास सापडणारी सूक्ष्मास्त्रे त्यांनी स्वतः पायी हिंडून नोंदवली. आळंदी-पंढरपूर पालखीच्या मार्गाचा संबंधही त्यांनी शेतीपूर्व काळातील हंगामी भटकंतीच्या वाटांशी जोडला.

ज्या समाजात लिखित साधने विरळ आहेत तेथे चालू आचार हेच साधन होऊ शकते, ही या ग्रंथाची मोठी देणगी होय. मात्र येथे एक उडी आहे. एकाच जागी अश्मयुगीन हत्यार आणि आजचे देवस्थान सापडले, तर त्यातून जागेचे सातत्य फार तर सूचित होते. पूजेचे सातत्य आपोआप सिद्ध होत नाही. पाण्याची सोय, घाटाची वाट, उंचवटा या कारणांनी माणसे वेगवेगळ्या काळात एकाच जागी येऊ शकतात. मधल्या सहस्रकांचा पुरावा उत्खननातूनच मिळू शकतो आणि पृष्ठभागावर वेचलेल्या हत्यारांना ते काम जमत नाही. कोसंबींच्या अनुयायांनी त्यांचे निष्कर्ष जेवढ्या उत्साहाने उद्धृत केले, तेवढ्या उत्साहाने त्यांची पायपीट पुढे नेली नाही, ही खेदाची बाब आहे.

‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ : उपासकाचे संशोधन

पंढरीच्या वाटेचा प्रश्न दा. ध. कोसंबींनी भूगोलाच्या अंगाने मांडला. त्या वाटेच्या शेवटी उभ्या असलेल्या देवाचा प्रश्न रा. चिं. ढेरे (१९३०–२०१६) यांनी दैवतविज्ञानाच्या अंगाने हाती घेतला. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणाऱ्या या ग्रंथात शिलालेख, स्थलपुराणे, संतवाङ्मय, लोकगीते आणि धनगर-गवळी समाजांचे विधी एकत्र आले आहेत. विठ्ठल हा मुळात गोपजनांचा देव असून त्याचे वैष्णवीकरण पुढे झाले, हे ढेरे यांचे मुख्य प्रतिपादन आहे. पट्टणकोडोलीसारख्या ठिकाणी विठ्ठल-बिरदेव ही जोडी आजही धनगरांच्या उपासनेत आहे, हा त्यांचा एक महत्त्वाचा आधार होय.

या ग्रंथातील दुसऱ्या प्रतिपादनाने मोठा वाद झाला. सोलापूर जिल्ह्यातील माढे येथील विठ्ठलमूर्तीच्या हृदयावर मंत्राक्षरे आहेत आणि ती पांडुरंगमाहात्म्यातील वर्णनाशी जुळतात. म्हणून तीच आद्यमूर्ती, असे ढेरे मांडतात. या दोन प्रतिपादनांचे बळ सारखे नाही. पहिल्यामागे परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या अनेक साधनांचा मेळ आहे. त्यातील एखादा दुवा निखळला तरी इमारत ढासळत नाही. दुसरे मात्र ग्रंथ आणि मूर्ती यांच्या साम्यावर उभे आहे. मूर्ती पाहून वर्णन लिहिले गेले, की वर्णन वाचून मूर्ती घडवली गेली, हे केवळ साम्यावरून ठरत नाही. वादात मात्र हा प्रश्न बाजूला पडून भावना दुखावल्या की नाही यावरच अधिक चर्चा झाली. स्वतः विठ्ठलाचा उपासक असलेल्या संशोधकाने देवाच्या मूळ रूपाविषयी असे प्रश्न निर्भयपणे विचारले, ही गोष्ट श्रद्धा आणि चिकित्सा यांना परस्परविरोधी मानणाऱ्या दोन्ही पक्षांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

‘आकाशाशी जडले नाते’ : विज्ञानातील विश्वास

जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांचा हा ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. सोप्या, नेमक्या मराठीत खगोलशास्त्र सांगणारा असा समग्र ग्रंथ आपल्याकडे विरळा. त्याचा विचार करताना लेखकाचे संशोधकीय स्थान विसरता येत नाही. फ्रेड हॉईल यांच्या स्थिर-स्थिती सिद्धान्ताला १९६५ मधील वैश्विक सूक्ष्मतरंग प्रारणाच्या शोधामुळे मोठा धक्का बसला. त्यानंतरही हॉईल, बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ मध्ये अर्ध-स्थिर विश्वाची कल्पना मांडली. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही. तरीही महास्फोट सिद्धान्ताची चिकित्सा थांबू नये, ही भूमिका नारळीकरांनी सोडली नाही.

येथे सामान्य वाचकाची अडचण मान्य केली पाहिजे. गणित येत नसल्याने या वादात निवाडा करणे त्याला शक्य नसते. तो लेखकावर विश्वास ठेवतो. विज्ञानाचे लोकप्रिय ग्रंथ वाचणे हीसुद्धा अशा अर्थाने एक श्रद्धाच आहे. फरक एवढाच, की या श्रद्धेमागे पडताळणीची उघडी वाट असते. २००८ मध्ये नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात घेतलेली फलज्योतिषाची चाचणी हे त्याचे सुबोध उदाहरण होय. बुद्धिमान आणि बौद्धिकदृष्ट्या अक्षम अशा दोन गटांतील २०० मुलांच्या पत्रिकांमधून प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका देऊन त्या कोणत्या गटातील, हे ओळखण्यास सांगितले होते. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांची अचूकता सुमारे ४६ टक्के भरली. नाणेफेकीने ५० टक्के उत्तरे बरोबर येतात, हे समजण्यास उच्च गणित लागत नाही.

समारोप

या चार लेखकांपैकी कोणीही आपल्या सर्व विधानांना सारखा पुरावा देऊ शकलेला नाही. धर्मानंदांची रोहिणी, दामोदररावांचे सातत्य, ढेरे यांची आद्यमूर्ती आणि नारळीकरांचे अर्ध-स्थिर विश्व ही प्रत्येकाच्या मांडणीतील नाजूक ठिकाणे आहेत. या ठिकाणांमुळे ग्रंथांचे मूल्य उणावत नाही. उलट वाचकाचे काम तेथूनच सुरू होते. आपल्या वर्गांत मात्र या ग्रंथांचे निष्कर्ष टिपणांच्या रूपाने पोहोचतात आणि परीक्षेत ‘ढेरे यांच्या मते’ एवढे लिहिले की गुण मिळतात. विद्यार्थी एका पोथीऐवजी दुसरी पोथी पाठ करतो, एवढेच.

या संदर्भात एक सूचना करावीशी वाटते. पदव्युत्तर वर्गात वर्षातून एकदा, विषयांच्या भिंती बाजूला ठेवून, अशा एखाद्या ग्रंथातील एकच प्रकरण सर्वांनी मूळ साधनांसह वाचावे आणि विद्यार्थ्यांना एकच प्रश्न द्यावा : कोणता पुरावा सापडला तर लेखकाला हे मत सोडावे लागेल? इतिहास, मराठी आणि भौतिकशास्त्र या तिन्ही विभागांच्या अध्यापकांनी त्या वर्गात एकत्र बसावे. त्यासाठी नव्या अनुदानाची गरज नाही. वेळापत्रकात दोन तासिकांची जागा तेवढी हवी.