इंदुर आणि उंदीर

बागबाजारात शेजारच्या चार वर्षांच्या बंगाली मुलीपुढे शि. द. फडणीसांचे ‘मोहिनी’चे गाजलेले मुखपृष्ठ ठेवले : तरुणाच्या शर्टावर मांजरे, तरुणीच्या साडीवर उंदीर. विनोदाला शब्दांचा आधार नाही. साडीवर बोट ठेवून ती खुदकन हसली, ‘इंदुर!’ फडणीसांची स्वच्छ रेषा भाषेची वेस सहज ओलांडते. पण त्या दोघांमधली चोरटी ओढ तिला दिसली नाही. ते हसू मोठ्यांचे. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत मात्र हीच रेषा मुलांच्या नजरेला उतरली. निःशब्द बालपुस्तकाची कसोटी इथेच लागते. शब्द गाळणे सोपे. पण गंमत समजावायला शेजारी मोठे माणूस बसवावे लागले, तर शब्द मागच्या दाराने परत आलेच.