टाचणी नाही म्हणजे रस्ता सुरक्षित?

तुमच्या शहरातली कोणती जागा तुम्हाला असुरक्षित वाटते? ‘प्लान इंटरनॅशनल’च्या जर्मन शाखेनं २०२० मध्ये बर्लिन, हांबुर्ग, कलोन आणि म्युनिकमधल्या मुली-बायकांना हेच विचारलं. उत्तर द्यायचं ऑनलाइन नकाशावर टाचणी टोचून. हजारेक जणींनी बाराशेहून जास्त जागा दाखवल्या. त्यांतल्या सुमारे ८० टक्के असुरक्षित. कारणंही लिहिली: दारू-ड्रग्ज घेणारी टोळकी, अंधारे रस्ते, निर्जन कोपरे.

हे काम मोलाचंच. पोलिसांच्या आकडेवारीत नोंदलेले गुन्हे येतात. भीतीपोटी रोज घेतलेला लांबचा वळसा त्यात कुठून दिसणार?

पण ते ८० टक्के शहराचे नाहीत, टाचण्यांचे आहेत. टाचणी टोचायला कोण येतं? जिच्यापर्यंत आवाहन पोचलं आणि जिला काही सांगायचं होतं, ती. सोशल मीडियावरून माणसं जमवणाऱ्या प्रत्येक संशोधनाची मेख इथेच आहे. स्मार्टफोन नसलेली आजी, भाषेत अडखळणारी नवखी बाई बाहेरच राहते.

जर्मनीच्या केंद्रीय गुन्हे अन्वेषण कार्यालयानं त्याच वर्षी हाती घेतलेल्या ‘स्किड’ सर्वेक्षणात लोक यादृच्छिक पद्धतीनं निवडले होते. ४५ हजारांहून जास्त जणांनी उत्तरं दिली. ‘किती?’ हे अशा सर्वेक्षणाला विचारा. ‘नेमकं कुठे आणि का?’ हे नकाशाला.

नाहीतर होईल काय, तर टाचण्या बघून पालिका दिवे लावेल आणि ज्या गल्लीतून कुणी बोललंच नाही, ती अंधारातच राहील.