गोधडी आणि टीकाकार

एखादें पुस्तक पसंत पडलें नाहीं म्हणजे आपण टीकाकार मंडळी त्याला ‘गोधडी’ म्हणून मोकळे होतों. इकडचें तिकडचें गोळा करून जोडलेलें, स्वतःचें असें कांहीं नसलेलें, हा त्या शब्दाचा अर्थ आपण गृहीतच धरलेला असतो. मीही हा अपराध केलेला आहे. सुमारें वीस वर्षांपूर्वीं एका तरुण कवीच्या पहिल्या संग्रहाचें परीक्षण करण्याचा प्रसंग आला होता. जात्यावरच्या ओव्या, लावणीचे ठेके, बाजारांतल्या हाका व वर्तमानपत्री वाक्यें त्यानें एकाच कवितेंत आणलेलीं पाहून ‘ही कविता नव्हे, ही शब्दांची गोधडी आहे,’ असें मीं लिहिलें. वाक्य माझें मलाच फार आवडलें होतें. त्या कवीचा दुसरा संग्रह मात्र आजवर माझ्या पाहण्यांत आला नाहीं.

गेल्या हिवाळ्यांत माझ्या थोरल्या आत्याबाई निवर्तल्या आणि गंगाखेडजवळच्या त्यांच्या घरून एक गोधडी माझ्या वांट्याला आली. लहानपणीं ती मीं अनेकदां पांघरली होती. पण खऱ्या अर्थानें पाहिली ती वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं. लुगडें झिजतें तें मधल्या भागीं. त्याचे कांठ बहुधा शाबूत राहतात. आत्याबाईंनीं ते कांठ काढून गोधडीच्या कडेला लावले होते, कारण हातांची ओढ आणि जमिनीचें घर्षण कडेलाच अधिक. विरलेलें मऊ कापड त्यांनीं पोटांत घातलें होतें, कारण ऊब त्याचीच. कुणाचें धोतर, कुणाच्या परकराचा घेर, माझ्या शाळेंतल्या सदऱ्याची पाठ असे थर पसरतांना एका थराचें भोंक दुसऱ्या थराच्या भोंकावर येऊं नये, ही खबरदारी होती. चोळीच्या खणांचे उरलेले तुकडे सर्वांत लहान आणि सर्वांत रंगीत. ते वरच्या बाजूला अशा अंतरानें बसविले होते कीं, नजर एकावरून दुसऱ्याकडे आपोआप जावी. आणि या सर्वांतून धांवदोरा कडेपासून निघून, चौकोनांत चौकोन आंखीत, थेट मध्यापर्यंत गेला होता.

आमच्या पिढीच्या इंग्रजीच्या विद्यार्थ्यांकडून कोलरिजच्या १८१७ सालच्या ‘बायोग्राफिया लिटरारिआ’ या ग्रंथांतला एक भेद घोकून घेतला जाई. एक शक्ति तयार, घट्ट झालेले पदार्थ नुसते एकमेकांशेजारीं मांडते. दुसरी त्यांना विरघळवून त्यांतून नवी, एकात्म वस्तु घडविते. पहिली केवळ कल्पनाचमत्कृति, दुसरी खरी प्रतिभा. माझें तें आवडतें वाक्य या भेदावरच उभें होतें. परंतु पुढ्यांत पसरलेली गोधडी या दोहोंपैकीं कशांतच बसेना. तिच्यांतला एकही तुकडा विरघळलेला नाहीं. कोणता कुणाचा, हें घरचें माणूस आजही सांगूं शकेल. तरी ती नुसती मांडणीही नव्हे. एक तुकडा धरून ओढला तर सगळी गोधडी ओढली जाते. एकजीवपणा विरघळल्यानेंच येतो असें नाहीं. आरपार गेलेल्या दोऱ्यानेंही तो येतो.

यावर कोणी म्हणेल, ‘हें सर्व गरजेपोटीं झालें, थंडी होती आणि कापड नव्हतें, त्यांत कला कसली?’ आक्षेपांतलें सत्य नाकारूं नये. परभणीच्या काळ्या रानांत कापूस वेंचणाऱ्या कित्येक बायांना त्याच कापसाचें वीतभर कापडही जपून ठेवावें लागे, यांत काव्य शोधणें निर्दयपणाचें होईल. पण गरज ‘शिवा’ एवढेंच सांगते. खणाचा तुकडा कोठें बसवावा हें ती सांगत नाहीं. विनयपिटकांत अशी कथा आहे कीं, बांधांनीं आंखलेलीं मगधांतील शेतें दाखवून बुद्धानें आनंदाला विचारलें, भिक्षूंचें चीवर असें करतां येईल काय? तुकड्यांच्या वस्त्रालाही आकृति हवी, हें सर्वसंगपरित्याग केलेल्यांनाही जाणवलें होतें. बंगालच्या कांथेवर स्टेला क्रामरिश यांनीं १९३९ सालीं विवेचक निबंध लिहिला. न्यूयॉर्कच्या व्हिट्नी संग्रहालयानें १९७१ सालीं अमेरिकन गोधड्या चित्रांप्रमाणें भिंतींवर लावल्या. आपल्या टीकेच्या परिभाषेंत मात्र हा शब्द शिवीच राहिला.

या जिल्ह्यांतल्या माणसाकडून तरी असें व्हावयास नको होतें. नामदेव जातीनें शिंपी. परंपरा त्यांचें मानते तें नरसी गांव १९९९ सालीं हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यांतच होतें. गुरु ग्रंथसाहिबांतील त्यांच्या एका पदांत गज, कात्री, सुई आणि दोरा यांनाच भक्तीचीं रूपें मिळालीं आहेत. त्यांच्या घरची दासी जनाबाई ही तर गंगाखेडची. तिची आख्यायिका सर्वश्रुत आहे. तिच्या झोंपडींत निजलेला विठोबा पहांटेच्या घाईंत आपला शेला टाकून तिची वाकळ पांघरून देवळांत गेला. देवाचें पदक तिच्याकडे राहिलें. तिच्यावर चोरीचा आळ आला आणि अखेर सुळाचें पाणी झालें. श्रोत्यांचें लक्ष त्या शेवटच्या चमत्काराकडे लागलेलें असतें. मला पहिला प्रसंग अधिक अर्थपूर्ण वाटतो. शेला आणि वाकळ यांतला फरक देवाला अंधारांत जाणवला नाहीं. पुजाऱ्यांना उजेडांत तेवढाच दिसला. टीकाकाराची जागा बहुधा पुजाऱ्यांच्या पंक्तींत असते.

परंतु शिवी टाकून सरसकट स्तुति करावी, असेंही मी म्हणत नाहीं. हल्लीं शहरांतल्या प्रदर्शनांत अशाही गोधड्या दिसतात कीं, ज्यांच्यासाठीं नवें कापड मुद्दाम कापून त्याच्या चिंध्या केलेल्या असतात. त्यांतून शिवणाऱ्या बायांना चार पैसे मिळत असतील तर तें चांगलेंच. पण अनेक वर्षांच्या वापरानें आलेला मऊपणा कात्रीनें आणतां येत नाहीं. वाङ्मयाचेंही तसेंच आहे. शोभेसाठीं आणून चिकटविलेली ओवी आणि कानांत मुरलेली ओवी कागदावर सारखीच दिसते. म्हणून तुकडे जोडलेच कां, असें लेखकाला विचारण्यांत अर्थ नाहीं. तुकडा अंगावरून उतरलेला आहे कीं ताग्यांतून कापलेला, आणि दोरा सर्व थरांतून गेला आहे कीं वरच्यावर फिरला आहे, हे दोन प्रश्न विचारावे.

त्या दोन प्रश्नांसह मीं तो जुना संग्रह पुन्हा काढून वाचला. कांहीं कविता आजही उसवलेल्या वाटल्या. पण निदान चार ठिकाणीं पहांटेची ओवी आणि दुपारची बाजारांतली हाक एकाच बाईच्या गळ्यांतून आलेली आहे. दळणारी तीच आणि भाजी विकणारीही तीच. दोरा तेथें आरपार गेलेला होता आणि माझ्या परीक्षणांत त्याचा एका ओळीनेंही उल्लेख नव्हता. तें वाक्य मी आज मागें घेत नाहीं. ती गोधडी होती, हें खरेंच आहे. तो शब्द मीं ज्या अर्थानें वापरला, तो अर्थ तेवढा मागें घेतों.