‘रोअर’ : ध्वनी, सत्ता आणि वाणी

इंग्रजीतील ‘रोअर’ हे क्रियापद ध्वनीची तीव्रता दर्शविणारे म्हणून ओळखले जाते. त्याचे कर्ते पाहिले असता मात्र निराळी बाब लक्षात येते. सिंह, समुद्र, जमाव आणि वेदनेने कळवळणारा मनुष्य या साऱ्यांना हे एकच क्रियापद चालते. त्यांचे आवाज मोठे असतात आणि त्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत. मनुष्याला हे क्रियापद लावले, की त्याची वाणी नाकारली जाण्याची शक्यता निर्माण होते.

शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ (सुमारे १६११) या नाटकात ही प्रक्रिया स्पष्ट दिसते. आरंभीच्या वादळात तांडेल दरबारी मंडळींना सुनावतो, की या लाटांना राजाच्या नावाची तमा नाही. लाटांसाठी तो याच धातूपासून साधलेले नाम योजतो. तत्कालीन लंडनमधील दांडगट तरुणांनाही याच धातूवरून नाव पडले होते. डेकर व मिडलटन यांचे ‘द रोअरिंग गर्ल’ १६११ मध्येच छापले गेले. साहजिकच लाटांच्या आवाजात बेबंद माणसांचा आवाजही ऐकू येतो. पुढच्याच प्रवेशात मात्र हे वादळ प्रॉस्परोने उठविल्याचे कळते. राजाला न जुमानणारा ध्वनी दुसऱ्या सत्ताधीशाच्या आज्ञेत असतो.

याच प्रवेशात कॅलिबन सांगतो, की शिकविलेल्या भाषेचा त्याला शिव्याशाप देण्यापुरताच लाभ झाला. प्रॉस्परो या आरोपाचे खंडन करीत नाही. श्वापदेही थरारतील असे ओरडायला लावण्याची धमकी तो देतो आणि तेथे क्रियापद ‘रोअर’ हेच येते. भाषा देणारा ती हिरावूनही घेऊ शकतो, हा या धमकीचा आशय होय. चौथ्या अंकात शिकारी कुत्र्यांच्या रूपातील भुते कॅलिबन व त्याच्या साथीदारांच्या मागे लागतात, तेव्हा एरिअल पुन्हा याच क्रियापदाचा उच्चार करतो. मात्र तिसऱ्या अंकात बेटावरील नादांचे मर्म सर्वाधिक जाणणारा कॅलिबनच असतो. म्हणजे ज्याची वाणी निव्वळ आवाजात रूपांतरित केली जाते, त्याचीच श्रवणशक्ती सर्वांत सूक्ष्म असल्याचे हे नाटक सुचविते.

‘अपरोअर’ या शब्दाचा इतिहासही येथे उद्बोधक ठरतो. सोळाव्या शतकात डच भाषेच्या प्रभावातून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ उठाव असा होता. ‘रोअर’शी त्याचे व्युत्पत्तिगत नाते नाही. ध्वनिसाम्यामुळे ते जोडले गेले आणि उठावाचा शब्द गोंगाटाचा झाला.

मराठीत समुद्राची गाज, मेघांचा गडगडाट, वाघाची डरकाळी आणि पीडिताचा आक्रोश हे वेगळे राहतात; ‘गर्जना’ला तर वीरश्रीचे वलय आहे. कॅलिबनसाठी ‘आक्रोश’ योजल्यास करुणा साधते, परंतु समुद्राशी असलेला त्याचा धागा तुटतो. भाषांतराची ही अडचण समीक्षेला उपकारक ठरते. आपल्या भाषेतील हे भेद जाणणाऱ्या मराठी वाचकाला, इंग्रजी क्रियापदाने कोणाला कोणाच्या पंक्तीत बसविले आहे, हा प्रश्न टाळता येत नाही.