१९२८ ची संयुक्त संप समिती आणि विणाई खात्याचा प्रश्न

मुंबईच्या कापडगिरण्यांतील १९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिलमध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबरच्या आरंभी मिटला. सुमारे दीड लाख कामगार जवळजवळ सहा महिने कामाबाहेर राहिले. या संपाचे सूत्रचालन करणाऱ्या संयुक्त संप समितीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ते बहुतेक लेखन एकाच प्रश्नाभोवती घोटाळत राहते : समितीत वरचष्मा कोणाचा? ना. म. जोशी यांच्या नेमस्त पक्षाचा, की डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर प्रभृती साम्यवाद्यांचा? हा प्रश्न गैर नाही. पण समितीचे खरे स्वरूप त्याने उकलत नाही.

समिती ही एकजीव संघटना नव्हती. १९२६ मध्ये स्थापन झालेली जोशींची बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन एका बाजूस, आणि संप चालू असतानाच, मे १९२८ मध्ये, जन्मास आलेली गिरणी कामगार युनियन दुसऱ्या बाजूस. जुन्या गिरणी कामगार महामंडळात फूट पडून अर्जुन आळवे, कासले यांच्यासारखे प्रत्यक्ष गिरणीत राबलेले पुढारी नव्या युनियनमध्ये आले होते. परस्परांवर अविश्वास असणाऱ्या या मंडळींनी सतरा मागण्यांचा एक मसुदा मान्य केला, ही गोष्ट सामान्य नव्हे. मागण्यांचा रोख वेतन, कामाचा बोजा आणि मालकांनी परस्पर केलेले नियमांतील फेरफार यांवर होता. दोनऐवजी तीन माग सांभाळण्याची सक्ती म्हणजे काही कामगारांची नोकरीच जाणार, हे गिरणगावात कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते.

रिचर्ड न्यूमन यांनी १९८१ च्या ग्रंथात संघटनेच्या रचनेचा, तर राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या ग्रंथात चाळ, वाडी, वाणी, मुकादम यांच्या जाळ्याचा शोध घेतला. चंदावरकरांचे विवेचन मला अधिक मोलाचे वाटते. संप गिरणीच्या फाटकावर जितका लढला जातो तितकाच वाण्याच्या उधारीवर आणि कोकणातल्या घरच्या भातावर टिकतो, हे त्यामुळे पटते. मॉरिस डी. मॉरिस यांनी १९६५ मध्ये असे प्रतिपादले होते की कामगारभरतीत जातीचा अडथळा फारसा नव्हता. विणाई खात्याचा अपवाद मात्र त्यांनाही नोंदवावा लागला. माझ्या मते विचार सुरू व्हावयास हवा तो याच अपवादापाशी.

विणाई खात्यातील कमाई अन्य अनेक खात्यांहून अधिक होती आणि तेथे अस्पृश्य कामगारांस प्रवेश नव्हता. कारण सांगितले जाई ते असे : कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागते, आणि तो धोटा दुसऱ्याच्या हाती जातो. ही बंदी मालकाच्या नियमपुस्तकात नव्हती. ती सवर्ण कामगारांच्या आग्रहावर उभी होती. तेव्हा मालकांविरुद्ध लढणाऱ्या समितीस येथे आपल्याच सभासदांविरुद्ध उभे राहणे भाग होते. डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की हा हक्क मान्य न झाल्यास आपण आपल्या लोकांना संपापासून परावृत्त करू. धनंजय कीर यांच्या चरित्रानुसार पुढाऱ्यांनी ती मागणी नाखुशीने स्वीकारली. मालकांनी मात्र, हा अन्याय असला तरी त्याचे उत्तरदायित्व आपले नव्हे, अशी भूमिका घेतली. मालकांचे हे म्हणणे सोयीचे खरे, परंतु निखालस खोटे म्हणता येत नाही, आणि समितीच्या चाहत्यांना अडचणीत टाकणारी गोष्ट नेमकी हीच आहे.

युनियनांच्या प्रतिनिधींची बनलेली समिती ज्यांचा प्रतिनिधी तिच्यात नाही त्यांचे गाऱ्हाणे आपणहून मांडीत नाही, मग तिचे धुरीण नेमस्त असोत वा क्रांतिवादी. दोन्ही पक्षांत मतभेदाचे विषय अनेक होते. याबाबत मात्र त्यांच्यात फारसा फरक दिसत नाही. वरचष्म्याचा प्रश्न अपुरा ठरतो तो यामुळे.

संपानंतर गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या ५४ हजारांच्या घरात गेली आणि गिरणीगणिक समित्या उभ्या राहिल्या. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यातील अटकांनी युनियनचे प्रमुख कार्यकर्ते तुरुंगात गेले. एप्रिलमध्ये पुकारलेला दुसरा संप फसला. आंबेडकरांनी त्यास विरोध केला होता. अपयशाचे खापर सामान्यतः अटकांवर आणि घाईवर फोडले जाते. ती कारणे खोटी नाहीत, पण विणाई खात्याचा दरवाजा वर्षभरात किती उघडला होता, हे विचारल्याशिवाय आंबेडकरांच्या विरोधाला केवळ फुटीरपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्याने ‘क्रांती’ आणि ‘बहिष्कृत भारत’ या दोन पत्रांचे १९२८ मधील अंक शेजारी ठेवून वाचावेत. आजवर ही पत्रे बहुधा दोन निरनिराळ्या चळवळींची साधने म्हणूनच चाळली गेली आहेत.