न आलेल्या उत्तरांचे काय?

कोविडची जागतिक साथ जाहीर झाली ती ११ मार्च २०२० रोजी. त्यानंतरच्या काही आठवड्यांत १९० हून अधिक देशांतील शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि युनेस्कोच्या हिशेबाप्रमाणे जगातील सुमारे १६० कोटी विद्यार्थी वर्गाबाहेर पडले. वर्ग पडद्यावर गेले, आणि पाठोपाठ पाहण्यांचा पूर आला. ऑनलाइन शिक्षण तुम्हाला कसे वाटले? समजते का? शिक्षकांबद्दल समाधानी आहात का? असे विचारणाऱ्या प्रश्नावल्या आपल्यापैकी अनेकांनी भरल्या असतील. काहींनी आपल्या विद्यार्थ्यांकडून भरूनही घेतल्या असतील.

आता साथ सरली आहे आणि या पाहण्यांचे निष्कर्ष शोधनिबंधांतून व अहवालांतून स्थिरावले आहेत. या वाङ्मयाकडे एकदा चिकित्सक नजरेने पाहावे असे आम्हाला वाटते. कारण महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी त्या काळात नेमके काय अनुभवले, हे पुढच्या पिढीला बहुधा याच आकड्यांतून कळणार आहे.

यातील एक पाहणी सर्वांत गाजली. स्लोव्हेनियातील लुब्लियाना विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने ती झाली आणि तिचा निबंध २०२० मध्येच प्रसिद्ध झाला. ६२ देशांतील ३०,३८३ विद्यार्थ्यांनी प्रश्नावली भरली होती. निष्कर्ष असा, की विद्यार्थी शिक्षकांच्या मदतीबद्दल बऱ्यापैकी समाधानी होते, परंतु संगणक हाताळण्याचे अपुरे कौशल्य आणि वाढलेले काम यांचा त्यांना त्रास झाला. कंटाळा, चिंता व वैताग या भावना वारंवार नोंदवल्या गेल्या. इतक्या थोड्या वेळात इतक्या देशांतून माहिती गोळा करणे ही सोपी गोष्ट नव्हे. या संशोधकांच्या कष्टांबद्दल आम्हाला आदरच आहे.

परंतु एक साधा प्रश्न उरतो. ही प्रश्नावली विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली कशी? उत्तर आहे, इंटरनेटवरून. ऑनलाइन शिक्षण झेपते का, हे ऑनलाइनच विचारले गेले. ज्याच्याकडे जोडणीच नव्हती तो वर्गालाही गैरहजर आणि पाहणीलाही गैरहजर! आगगाडीच्या डब्यात शिरून “गाडी किती जणांना मिळाली?” असे विचारावे आणि सर्वांनी हात वर करावेत, तसाच हा प्रकार.

“पण ३०,३८३ ही संख्या केवढी मोठी आहे!” असे कोणी म्हणेल. मोठी संख्या म्हणजे भरवशाची संख्या हा समज किती फसवा आहे, याचा धडा संख्याशास्त्राला १९३६ साली मिळाला. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. सुमारे २४ लाख परत आल्या. त्यांवरून साप्ताहिकाने लँडन ५७ टक्के मतांनी जिंकतील असे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट सुमारे ६१ टक्के मते घेऊन निवडून आले. पत्ते घेतले होते ते मुख्यतः दूरध्वनीधारकांच्या व मोटारमालकांच्या याद्यांतून, म्हणजे मंदीच्या काळातील सुस्थितीतल्या लोकांचे. शिवाय पुढील विश्लेषणात असेही दिसले, की ज्यांनी मतपत्रिका परत पाठवल्या त्यांचा कल न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळा होता. त्याच वेळी गॅलप यांनी केवळ ५० हजारांच्या आसपास लोकांना विचारून विजेता अचूक सांगितला होता.

हे वर्गात समजावून देण्यासाठी एक छोटे उदाहरण घेऊ. समजा, वर्गात ८० विद्यार्थी आहेत. ५० जणांकडे चांगली जोडणी आहे, त्यांतील ४० समाधानी आहेत. उरलेल्या ३० जणांची जोडणी तुटक आहे, त्यांतील फक्त ६ समाधानी आहेत. म्हणजे खरे समाधानी ४६, अर्थात साडेसत्तावन्न टक्के. आता प्रश्नावली पाठवली. पहिल्या गटातील ४० जणांनी ती भरली (त्यांत ३२ समाधानी), दुसऱ्या गटातील पाचच जणांनी भरली (त्यांत एक समाधानी). पंचेचाळीसपैकी तेहतीस, म्हणजे ७३ टक्के! कोणीही खोटे बोलले नाही, बेरीजही चुकली नाही, तरी उत्तर चुकले. आणि ८० ऐवजी ८०,००० विद्यार्थी घेतले तरी हे ७३ टक्के तसेच राहतील. चूक तीच, फक्त अधिक खात्रीने केलेली.

आपल्या देशात तुटक जोडणीचा हा दुसरा गट लहान नव्हता. साथीपूर्वी, २०१७-१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार ग्रामीण भागातील सुमारे १५ टक्के व शहरी भागातील सुमारे ४२ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती. संगणक तर ग्रामीण भागात शंभरात चार-पाच घरांत. हैदराबाद विद्यापीठाने २०२० च्या टाळेबंदीत आपल्या सुमारे अडीच हजार विद्यार्थ्यांना “आवडते का?” याच्या आधीचा प्रश्न विचारला, “वर्गापर्यंत पोहोचता येते का?” जवळजवळ ९० टक्क्यांकडे मोबाइल होता. पण वर्गाला हजर राहता येईल असे म्हणणारे होते अवघे ३७ टक्के. हातात यंत्र असणे आणि वर्गात असणे यांतील अंतर या दोन आकड्यांत दिसते.

दुसरा दोष सरासरीचा. अमेरिकेतील एका मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात २०२० मध्ये सुमारे १,५०० विद्यार्थ्यांची पाहणी झाली. साथीमुळे एक-चतुर्थांश विद्यार्थ्यांचा अभ्यास आठवड्याला चार तासांहून अधिक वाढला, तर दुसऱ्या एक-चतुर्थांशांचा पाच तासांहून अधिक घटला. नुसती सरासरी काढली असती तर ही वाढ व घट एकमेकींना बरीचशी पुसून टाकती आणि ‘फारसा फरक नाही’ असे वाटले असते. या संशोधकांनी विद्यार्थ्यांचे उत्पन्नगट वेगळे केले, तेव्हा कमी उत्पन्नाच्या घरांतील विद्यार्थ्यांची पदवी लांबणीवर पडण्याची शक्यता ५५ टक्क्यांनी अधिक आढळली. चांगली पाहणी ती हीच. ती ‘विद्यार्थी’ असा एकच माणूस कल्पून थांबत नाही.

तिसरी गोष्ट, समाधान म्हणजे शिकणे नव्हे. वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत २०२० च्या उत्तरार्धात अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कोणतीही निवड न करता, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, प्रत्यक्ष व ऑनलाइन वर्गांत विभागले गेले. ऑनलाइन वर्गाचे अंतिम गुण सुमारे ०.२१५ प्रमाण विचलनाने कमी आले. प्रमाण विचलन १० गुणांचे धरले तर हा फरक दोनेक गुणांचा. मात्र आधीपासून कच्च्या असलेल्या विद्यार्थ्यांचे नुकसान अधिक होते. आणि ही सारी मुले अकादमीच्या शिस्तीत, सारख्या सोयींत राहणारी. शेतावरच्या झाडाखाली रेंज शोधणाऱ्याला हा आकडा लागू करता येणार नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

हा वाद केवळ पंडिती नाही. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या ऑनलाइन व्यासपीठावरून पूर्ण करण्याची मुभा दिली. सोय म्हणून हे स्वागतार्हच आहे. दूरच्या विषयतज्ज्ञाचे व्याख्यान थांबवून, मागे नेऊन पुन्हा ऐकता येणे हा मोठाच लाभ आहे. पण अशा निर्णयांच्या वेळी “विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिक्षण रुचले” असे वाक्य पुढे आले, तर “कोणत्या विद्यार्थ्यांना?” हे विचारणारे कोणीतरी हवे. ते काम शिक्षकाइतके चांगले दुसरे कोण करू शकेल? हजेरीपट त्याच्याच हाती असतो.

शेवटी आमची एक सूचना. पुढच्या वेळी वर्गात कोणतीही पाहणी कराल, तेव्हा आलेल्या उत्तरांची बेरीज करण्यापूर्वी हजेरीपट उघडा आणि न आलेल्या उत्तरांची यादी करा. त्यांतील पाच-सहा नावे चिठ्ठ्या टाकून निवडा. त्या विद्यार्थ्यांना समोर बसवून, फोन करून किंवा घरी जाऊन तेच प्रश्न विचारा. दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी फळ्यावर लिहा. फरक पडला नाही तर उत्तमच. पडला, तर नमुना निवडीचा धडा मुलांना आयुष्यभर पुरेल, आणि गैरहजेरीच्या रकान्यातील एखाद्या मुलाला कोणीतरी पहिल्यांदाच “तुझे काय?” असे विचारलेले असेल.